क्रियापद ओळखीचे, अर्थ अनोळखी!

बँकेच्या कागदावरील एक छोटासा शब्द माणसाला किती महागात पडू शकतो, याचे एक उदाहरण घेऊ. समजा, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावी हळद आणि सोयाबीनची छोटी खरेदी-विक्री करणारा एक तरुण आहे. दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेला आहे. काही वर्षांपूर्वी त्याने दुकानासाठी कर्ज काढले. दोन हंगाम वाईट गेले आणि हप्ते थकले. पुढे एके दिवशी त्याच्या हाती स्वतःचा पतअहवाल, म्हणजे ज्याला आपण 'सिबिल' म्हणतो तो कागद येतो. त्या कर्जापुढे दोनच शब्द असतात : 'रिटन ऑफ'. राइट म्हणजे लिहिणे, ऑफ म्हणजे बंद. दिवा ऑफ, पंखा ऑफ, तसे खाते ऑफ! तो आनंदाने घरी येतो आणि सांगतो, "अम्मी, आपलं कर्ज माफ झालं."

खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 'राइट ऑफ' याचा बँकेच्या भाषेतील अर्थ असा की, हे येणे वसूल होईल असा भरवसा उरला नाही म्हणून बँकेने ते आपल्या ताळेबंदातून काढले. ते कर्जदाराच्या डोक्यावरून उतरवलेले नाही. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात तांत्रिक 'राइट ऑफ'ची व्याख्याच अशी दिली आहे की, रक्कम केवळ हिशेबापुरती काढली जाते, कर्जदारावरील हक्क सोडला जात नाही. बँक वसुली चालू ठेवू शकते आणि न्यायालयातही जाऊ शकते. माफीसाठी इंग्रजीत 'वेव्ह' हे वेगळे क्रियापद आहे. २००८ साली केंद्र सरकारने आणि २०१७ व २०१९ साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी ज्या योजना आणल्या, त्या माफीच्या होत्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत सरकारने सांगितले की, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटी रुपयांची कर्जे 'राइट ऑफ' केली. त्यावर देशभर चर्चा झाली ती याच दोन शब्दांच्या अर्थावरून. शिकलेसवरलेले लोकही त्या वेळी 'माफ केली' असेच म्हणत होते.

मग साखऱ्याच्या त्या तरुणाचे काय होईल? माफी मिळाली असे समजून तो निश्चिंत राहील. नवे कर्ज मागायला जाईल तेव्हा प्रत्येक दार बंद दिसेल. 'रिटन ऑफ' हा शेरा पतअहवालातील सर्वांत वाईट शेऱ्यांपैकी एक आहे. वेळीच अर्थ कळला असता तर तो बँकेत जाऊन तडजोडीची बोलणी करू शकला असता, पैसे भरून 'नो ड्यूज'चा दाखला घेऊ शकला असता.

कानामागून आली आणि तिखट झाली

मराठीत म्हण आहे, 'कानामागून आली आणि तिखट झाली'. इंग्रजी क्रियापदांच्या मागून येणाऱ्या अप, डाऊन, ऑफ, आऊट, ऑन, ओव्हर, इन, बॅक या चिमुकल्या शब्दांना ती तंतोतंत लागू पडते. मूळ क्रियापद आधी येते, पण अर्थाची सूत्रे मागून आलेल्या शब्दाच्या हाती जातात. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सहन करणे आणि 'पुट इन' म्हणजे अर्ज वा पैसा घालणे. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे असतात, पण त्यांची जोडी अनोळखी असते. अशा जोडीला इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. आपण तिला जोडक्रियापद म्हणू.

ही अडचण फक्त आपलीच आहे असे कोणी समजू नये. इंग्रजीचा थोर कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केले होते की परकीयांना इंग्रजीत सर्वांत जास्त त्रास होतो तो या जोड्यांचा. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. तेव्हा जी गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये अवघड मानली गेली, ती साखऱ्याच्या तरुणाला अवघड वाटली तर त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे एक जादा अडचण आहे. शाळेत आपण 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'रिजेक्ट', 'एक्झिक्यूट' असे भारदस्त शब्द पाठ करतो. लॅटिन घराण्यातून आलेले हे शब्द इंग्रजीत तसे आहेत जसे मराठीत संस्कृत शब्द. आपण कागदावर 'स्थगित करणे' लिहितो, पण बोलताना 'पुढे ढकलणे' म्हणतो. इंग्रज माणूसही तसाच 'पोस्टपोन' लिहितो आणि 'पुट ऑफ' बोलतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पण परीक्षेच्या इंग्रजीत 'पोस्टपोन'वाला विद्यार्थी पहिला येतो आणि व्यवहारात फोनवर 'पुट ऑफ' ऐकले की गोंधळतो.

ही रीत आपल्या घरातलीच

आता एक दिलासा देणारी गोष्ट. ज्याची मातृभाषा मराठी आहे किंवा जो घरी दखनी-उर्दू बोलतो, त्याच्या मेंदूला ही रीत नवीन नाही. हळदीचेच पाहा. 'हळद विकली' हे साधे वाक्य. 'विकून टाकली' म्हटले की एकदाची कटकट संपवली असा अर्थ येतो. 'विकून दिली' म्हणजे दुसऱ्यासाठी विकली. 'विकून पाहिली' म्हणजे भाव अजमावला. आणि 'विकून बसलो' म्हणजे आठ दिवसांनी भाव चढला आणि आता पश्चात्ताप होतो आहे! क्रियापद एकच, विकणे. टाकणे, देणे, पाहणे, बसणे हे शब्द मागून येऊन अर्थ फिरवतात. 'विकून बसलो' म्हणणारा खाली बसलेला नसतो, हे लहान मुलालाही कळते. उर्दूतही 'बेच दी', 'बेच डाली', 'बेच बैठा' हे तीन वेगळे मामले आहेत.

इंग्रजी हेच काम छोट्या शब्दांकडून करून घेते. 'सेल ऑफ' म्हणजे मिळेल त्या भावात विकून टाकणे. 'सेल आऊट' म्हणजे सगळा माल संपून जाणे. 'सेल अप' म्हणजे दुकान-घर विकून धंद्यातून मोकळे होणे. फरक इतकाच की, मराठीत मागे दुसरे क्रियापद येते आणि इंग्रजीत दिशा दाखवणारा शब्द येतो. म्हणून जोडक्रियापद पाठ करताना त्याचा अर्थ एकेका शब्दाने लावू नये. मराठीत 'करून टाकणे, करून घेणे, करून ठेवणे' यांपैकी कोणता रंग आहे हे विचारावे. 'पे' म्हणजे देणे, तर 'पे ऑफ' म्हणजे फेडून टाकणे. 'राइट डाऊन' म्हणजे लिहून ठेवणे. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे.

परक्या भाषेचे शब्द पचवणे हे व्यापाऱ्याला नवे नाही. हिशेब, वसूल, बाकी, जमा, खर्च, नफा, कर्ज, मुदत, दलाल, रक्कम हे आपल्या वहीतले शब्द अरबी-फारसीतून आले आणि आज पंढरपूरच्या दुकानातही तेच चालतात. हिंगोलीचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारी कागद उर्दूत, बाजार मराठीत, अशी दोन भाषांची सवय इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिसरी भाषाही तो पचवू शकतो.

शेपटीचे शब्द, एकेक करून

जोडक्रियापदे हजारोंनी आहेत, पण त्यांना घाबरू नये. २००७ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश इंग्रजी संग्रहाची मोजदाद केली. त्यांना आढळले की, नेहमीच्या शंभर जोड्याच एकूण वापराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापतात. २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी सर्वांत उपयोगी अशा दीडशे जोड्यांची यादी विद्यार्थ्यांसाठी तयार केली. म्हणजे दीडशे नीट आल्या तर बाजाराचे काम बहुतांशी चालते. आपण व्यापारात लागणाऱ्या काही जोड्या शेपटीच्या शब्दानुसार पाहू.

ऑफ : मूळ भाव तुटणे, सुटणे, संपणे. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडणे. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. 'कट ऑफ' म्हणजे तोडणे. 'कट ऑफ डेट' ही अर्जाची शेवटची मुदत आपण रोज ऐकतो. 'स्क्वेअर ऑफ' म्हणजे वायदे बाजारात घेतलेला सौदा उलटा सौदा करून मिटवणे. हळदीचा वायदा एनसीडीईएक्सवर होतो, तेथे हा शब्द पदोपदी भेटतो. 'सेट ऑफ' याचे दोन अर्थ ध्यानात ठेवावेत. प्रवासात त्याचा अर्थ निघणे. बँकेत आणि आयकरात मात्र त्याचा अर्थ एका रकमेतून दुसरी वळती करणे. ठेवीच्या कागदावर बँकेला 'सेट ऑफ'चा हक्क दिला असेल, तर थकलेल्या कर्जापोटी ती ठेव वळती होऊ शकते.

आऊट : बाहेर येणे, संपणे, शेवटास जाणे. क्रिकेटमुळे 'रन आऊट' सर्वांना माहीत आहे. पण गिऱ्हाईक 'वी हॅव रन आऊट ऑफ स्टॉक' म्हणाले, तर त्यांचा माल संपला आहे आणि तुमची ऑर्डर येण्याची वेळ झाली आहे असे समजा. 'कॅरी आऊट' म्हणजे पार पाडणे, 'फाइंड आऊट' म्हणजे शोधून काढणे, 'फिल आऊट' म्हणजे फॉर्म भरणे. 'बॅक आऊट' म्हणजे शब्द देऊन मागे हटणे. हा शब्द आपल्याविषयी कोणी वापरणार नाही, याची काळजी प्रत्येक दुकानदाराने घ्यावी.

अप : वर जाणे, वाढणे, पूर्ण होणे. 'गो अप' म्हणजे भाव चढणे, 'मार्क अप' म्हणजे खरेदीवर नफा चढवणे, 'सेट अप' म्हणजे धंदा उभारणे, 'ड्रॉ अप' म्हणजे करारपत्र वा यादी तयार करणे. 'टर्न अप' म्हणजे हजर होणे. 'होल्ड अप' म्हणजे अडकवून ठेवणे. 'युवर पेमेंट इज हेल्ड अप' म्हणजे तुमचे पैसे अडकले आहेत. आपल्या गावोगावी धावणारी 'पिकअप' गाडी याच कुळातली आहे. 'पिक अप' म्हणजे माल वा माणूस उचलून घेणे. बाजाराविषयी बोलताना मात्र 'मार्केट इज पिकिंग अप' म्हणजे तेजी येते आहे.

डाऊन : उतरणे, थांबणे, कागदावर येणे. 'मार्क डाऊन' म्हणजे किंमत उतरवणे, 'ब्रेक डाऊन' म्हणजे मोडणे वा बंद पडणे. 'टर्न डाऊन' म्हणजे नाकारणे. 'युवर ऑफर हॅज बीन टर्न्ड डाऊन' याचा अर्थ भाव उतरवला असा नाही. तुमचा प्रस्ताव फेटाळला, असा आहे. 'पे डाऊन' आणि 'पे ऑफ' यांतही अंतर आहे. पहिल्यात देणे थोडे कमी होते, दुसऱ्यात ते संपते.

ओव्हर : एका हातातून दुसऱ्या हातात. 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे, 'हँड ओव्हर' म्हणजे ताबा देणे, 'रोल ओव्हर' म्हणजे मुदत संपल्यावर रक्कम वा सौदा पुढच्या मुदतीत नेणे. 'साइन ओव्हर' म्हणजे सही करून आपला हक्क दुसऱ्याला देणे. 'साइन' एवढाच शब्द वाचून पावतीची सही समजू नये.

ऑन, बॅक आणि थ्रू : 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवणे, 'होल्ड ऑन' म्हणजे जरा थांबा, 'टेक ऑन' म्हणजे अंगावर घेणे, मग ते काम असो, कामगार असो वा कर्ज. 'पे बॅक' म्हणजे परत देणे. 'गेट बॅक टू यू' म्हणजे मी तुम्हाला कळवतो. ते मान्यतेचे उत्तर नव्हे. 'फॉल थ्रू' म्हणजे सौदा फिसकटणे.

फोन इरोडहून आला तर?

कोणी म्हणेल, साखऱ्यात बसून हळद विकणाऱ्याला हे सारे कशाला हवे? हिंगोलीच्या आणि वसमतच्या बाजारातला लिलाव मराठीतच होतो. खरे आहे. पण हळद तेथे थांबत नाही. ती सांगलीला जाते, तेलंगणात निजामाबादला आणि तामिळनाडूत इरोडला हळदीच्या मोठ्या पेठा आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ च्या जानेवारीत निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. दूरचा खरेदीदार आता थेट गावापर्यंत पोचू पाहतो. इरोडच्या व्यापाऱ्याला मराठी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही. दोघांमध्ये पूल एकच, मोडके-तोडके इंग्रजी. ते इंग्रजी मोबाइलवरच्या दोन ओळींच्या निरोपात येते, आणि अशा निरोपात 'पोस्टपोन' कमी व 'पुट ऑफ' जास्त असते.

समजा, निरोप आला : 'लोडिंग इज पुट ऑफ टिल मंडे'. म्हणजे माल भरणे सोमवारपर्यंत पुढे गेले. गाडी आज लावू नका, पण सौदा कायम आहे. आता दुसरा निरोप : 'द डील इज कॉल्ड ऑफ'. म्हणजे सौदाच रद्द. दोन्हींत 'ऑफ' आहे. पहिल्या निरोपाला दुसऱ्यासारखे समजलात तर घाबरून कमी भावात माल दुसऱ्याला देऊन बसाल. दुसऱ्याला पहिल्यासारखे समजलात तर सोमवारची वाट पाहत माल अडवून ठेवाल. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

तिसरा नमुना पाहा. वजनात तूट आली म्हणून तुम्ही तक्रार केली आणि उत्तर आले : 'वी आर लुकिंग इन्टू द मॅटर'. 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. यात भरपाईचे वचन नाही. आठ दिवसांनी पुन्हा विचारणे, म्हणजेच 'फॉलो अप' करणे, तुमचे काम आहे. 'वी विल मेक अप फॉर द लॉस' असे आले, तर मात्र नुकसान भरून देण्याचे कबूल केले आहे. तो निरोप जपून ठेवावा.

नोकरीच्या कागदावरील 'ऑफ'

आपल्या समाजातील अनेक तरुण पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा आखाती देशांत नोकरीला जातात. त्यांच्यासाठी 'ले ऑफ' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या बातम्यांत 'ले ऑफ' म्हणजे नोकरीतून काढून टाकणे. भारतीय कायद्यात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'ले ऑफ' म्हणजे कोळसा, वीज, कच्चा माल यांचा तुटवडा किंवा यंत्रातील बिघाड अशा कारणाने मालक कामगाराला तात्पुरते काम देऊ शकत नाही ती स्थिती, असे ठरवले. कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. ठराविक आकाराच्या कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला त्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच कल्पना ठेवली आहे. कायमच्या कपातीला 'रिट्रेंचमेंट' हा वेगळा शब्द आहे आणि मालकाने टाळे लावण्याला 'लॉक आऊट'. कारखान्याच्या फलकावर 'ले ऑफ' वाचून जो कामगार गाठोडे बांधून गावी निघून येतो, तो आपला हक्क सोडून येतो. उलट परदेशी कंपनीच्या पत्रात तोच शब्द आला, तर काम संपले असे समजून हिशेबाची मागणी करावी लागते.

'डे ऑफ' म्हणजे सुट्टीचा दिवस, 'टाइम ऑफ' म्हणजे रजा. परदेशी करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक 'ऑफ' खाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि जाणकाराला विचारावे. विचारण्यात लाज नाही. सही करून पस्तावण्यात आहे.

आपल्या नेहमीच्या चुका

भारतात काही जोड्या आपण आपल्या पद्धतीने वापरतो. 'मी २०१५ साली पास आऊट झालो' असे बायोडाटात सर्रास लिहितात. ब्रिटिश माणसाला त्यातून 'मी २०१५ साली बेशुद्ध पडलो' असे ऐकू येऊ शकते! 'ग्रॅज्युएटेड' किंवा 'पास्ड' लिहावे. 'कोप अप विथ' हेही चूक. 'कोप विथ' पुरे. 'रिटर्न बॅक' आणि 'रिप्लाय बॅक' यांत 'बॅक' फुकटचा आहे, कारण परत देण्याचा अर्थ क्रियापदातच आहे. जेथे शेपूट हवे तेथे आपण ते विसरतो आणि जेथे नको तेथे जोडतो.

शब्दांच्या जागेचाही एक नियम आहे. 'पे ऑफ द लोन' आणि 'पे द लोन ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण 'लोन'च्या जागी 'इट' आले की ते मध्येच बसते : 'पे इट ऑफ'. 'पे ऑफ इट' म्हणू नये. 'लुक इन्टू'सारख्या जोड्या मात्र फुटत नाहीत. तेथे 'लुक इन्टू इट' असेच म्हणावे लागते. कोणती जोडी फुटते आणि कोणती नाही, हे वाक्यासकट पाठ केले तर नियम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

समजावे पुष्कळ, लिहावे थोडे

आता सर्वांत कामाचा सल्ला. जोडक्रियापदे समजली पाहिजेत, पण आपल्या पत्रात ती भरलीच पाहिजेत असे नाही. ऑर्डर, करार, तक्रार लिहिताना एकाच अर्थाचा साधा शब्द वापरावा. 'कॉल ऑफ'ऐवजी 'कॅन्सल', 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'टर्न डाऊन'ऐवजी 'रिजेक्ट'. शाळेत पाठ केलेले भारदस्त शब्द येथे उपयोगी पडतात, कारण त्यांना दुसरा अर्थ चिकटत नाही. आणि समोरच्याच्या निरोपात संशयास्पद जोडी आली, तर आपल्या साध्या शब्दांत उलट विचारून घ्यावे : 'पोस्टपोन्ड ऑर कॅन्सल्ड?' तीन शब्दांचा हा प्रश्न एक गाडी मालाचे नुकसान वाचवू शकतो.

शिकण्याची पद्धत अगदी स्वस्त आहे. शंभर पानी वही घ्या. एकेका पानावर डोक्याशी एकच शेपटीचा शब्द लिहा : ऑफ, आऊट, अप, डाऊन, ओव्हर, इन, ऑन, बॅक. जी नवी जोडी भेटेल ती त्या पानावर उतरवा. शेजारी मराठी अर्थ, आणि त्याखाली आपल्याच धंद्यातले एक वाक्य. शिवणकाम करणाऱ्याने कापडाचे वाक्य लिहावे, गॅरेजवाल्याने गाडीचे, हळदवाल्याने हळदीचे. पुस्तकातले वाक्य विसरते, आपल्या नफ्या-तोट्याचे वाक्य विसरत नाही. रोज दोन, आठवड्यातून सहा दिवस असे केले, तर साडेबारा आठवड्यांत दीडशे होतात. म्हणजे तीन महिने. इंग्रजी दैनिकाचे व्यापार पान, बँकेचे निरोप आणि कंपन्यांची पत्रे यांतून रोजचा खुराक फुकट मिळतो. लाँगमन आणि केंब्रिज या प्रकाशनांनी केवळ जोडक्रियापदांचे स्वतंत्र कोश काढले आहेत. मोहल्ल्यातील वाचनालयाने असा एक कोश घेऊन ठेवला तर पन्नास मुलांचे काम होईल. घरात मुलगी कॉलेजात शिकत असेल तर संध्याकाळची दहा मिनिटे बाप-लेकीने मिळून ही वही भरावी. धंद्याची वाक्ये तो देईल, इंग्रजी ती देईल.

शेवटी पुन्हा साखऱ्याच्या त्या तरुणाकडे येऊ. त्याच्या हातातील कागद बदलणार नाही, 'रिटन ऑफ' तेथेच राहणार. पण त्याचा अर्थ त्याला कळला तर तो घरी येऊन वेगळे सांगेल : "अम्मी, कर्ज माफ झालेलं नाही. बँकेनं आपल्या वहीतून काढलंय, आपल्या वहीत ते आहेच. उद्या जाऊन बोलतो." मग तो बँकेत जाईल, तडजोडीची रक्कम विचारेल, जे ठरेल ते लेखी घेईल, हप्त्यांनी ते 'पे ऑफ' करेल आणि 'नो ड्यूज'चा दाखला फाईलला लावेल. पतअहवाल सुधारायला वेळ लागेल, पण दार किलकिले होईल.